चार प्लग आणि पासष्ट हजारांचे अंदाजपत्रक

मागच्या खेपेला पाण्याच्या मोटारीचे वाइंडिंग का जळते ते आपण पाहिले. त्यावर बऱ्याच वाचक बंधू-भगिनींची पत्रे आली आहेत, त्यांना पुढे-मागे उत्तर देईनच. या वेळी ठरवलेला विषय बाजूला ठेवून मोटारगाडीच्या स्पार्क प्लगवर लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात माझ्याकडे जे प्रकरण आले ते अजून ताजे आहे आणि त्यात एका घरातले पासष्ट हजार रुपये अडकले होते.

ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांनी पान उलटू नये. पुण्यात राहून ज्याने एकदाही प्लग हातात घेतला नाही असा जुना माणूस विरळा. आकुर्डीची चेतक १९७२ साली निघाली आणि पुढची कितीतरी वर्षे या शहराचा निम्मा कामगार तिच्यावरूनच कामाला गेला. थंडीच्या दिवसांत सकाळी चाळीच्या दारात काय देखावा असायचा ते आठवा. आधी किका, मग स्कूटर एका बाजूला तिरकी करायची, पुन्हा किका, मग हताश होऊन बाजूचे झाकण उघडायचे आणि प्लग पाना लावायचा. प्लग निघाला की पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि परत बसवायचा. गाडी सुरू झाली की काम संपले! प्लग काळा का झाला, हे कोणी विचारत नसे. पेट्रोलमध्ये ऑइल दोन पळ्या जास्त पडले होते की कार्बुरेटर जास्त पाजत होता, हे त्या काळ्या रंगातच लिहिलेले असायचे आणि आपण ते पॉलिश पेपरने पुसून टाकायचो. (आता त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर निघाली आहे. तिला प्लगच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.)

तर झाले असे. एका रविवारी सकाळी ताडीवाला रोडवरून एक ताई आणि त्यांचा मुलगा घरी आले. ताईंचे यजमान पुणे-मुंबई टॅक्सी चालवायचे. उतारवयात त्यांनी स्वतःसाठी म्हणून १९९६ ची एक प्रीमियर पद्मिनी घेतली होती, पांढरी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा औंधच्या आयटीआयमधून ट्रेड करून चाकणला कंत्राटी कामावर आहे. वडिलांची गाडी विकायची नाही असे त्याच्या मनात, आणि ती दारात उभी राहून गंजते आहे हे ताईंना बघवत नाही. आठ-पंधरा दिवसांनी तो ती चालवायचा. अलीकडे गाडी मिसिंग मारू लागली, चढाला दम लागू लागला, मागून धूर आणि पेट्रोल प्यायला तर पाण्यासारखे. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन चालू करून धूर पाहिला आणि कागदावर लिहून दिले : इंजिन उतरवणे, बोअरिंग, पिस्टन-रिंग, व्हॉल्व्हचे काम, मजुरी, एकूण पासष्ट हजार. नाहीतर भंगारात द्या म्हणाले. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी दारात येऊन भाव सांगून गेला.

"बचत गटातून चाळीस मिळतील," ताई म्हणाल्या. "बाकीचे कुठून आणायचे ते बघू. पण भाऊ, आधी तुम्ही एकदा बघा."

मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून चार प्लग काढून माझ्यासमोर ओतले. शेजारच्याने सांगितले म्हणून त्याने ते काढून आणले होते. मी ते हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "यातला तीन नंबरचा कुठला?"

त्याला सांगता येईना. चारही एकात एक मिसळले होते. तीन कोरडे काळे आणि एक ओला, एवढेच दिसत होते, पण तो ओला कुठल्या सिलिंडरचा ते गेले. शिवाय त्याने प्लग काढण्याआधी गाडी दारातच दहा मिनिटे चालू ठेवली होती. हे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन चौघांचे रक्त एकाच बाटलीत देण्यासारखे झाले. मी त्याला म्हटले, "अरे, पुन्हा घाल, पुन्हा चालव आणि मी सांगतो तसे काढून आण." तो जरा हिरमुसला. पण ताई बसून राहिल्या. म्हणाल्या, "आधी मला सांगा हा करतो काय ते."

मग मी त्यांना सांगितले तेच इथे सांगतो.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने जे बनत राहिले तेच. प्रत्येक सिलिंडरात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण येते, पिस्टन ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एकेका प्लगला मिनिटाला १५०० ठिणग्या टाकाव्या लागतात, म्हणजे सेकंदाला पंचवीस. हजारो व्होल्टचा दाब सहन करणारी आतली पांढरी चिनी मातीची कांडी हे या वस्तूचे खरे मर्म. अशा वापरण्याजोग्या प्लगचे पेटंट १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरच्या कामातून निघाले. आपल्याकडे बंगळूरच्या मायको कंपनीचे प्लग पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९५१ साली निघालेल्या त्या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले आहे, पण नाना पेठेत अजूनही जुनी माणसे 'मायकोचा प्लग' असेच मागतात.

ठिणगीबरोबर प्लगला आणखी एक काम आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. त्याला स्वतःला ठराविक गरम राहावे लागते. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याच्या खाली राहिले तर काजळी साचत जाते आणि वीज ठिणगी न मारता त्या काजळीवरून खाली उतरते. साडेआठशे अंशांच्या पुढे गेले तर टोकच निखारा बनते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. म्हणजे प्लग हा सिलिंडरात सतत डोकावणारा एकटाच माणूस आहे. आत काय जळते आहे, कसे जळते आहे, ते तो अंगावर घेऊन बाहेर येतो.

"म्हणजे पातेल्याचं बूड काळं होतं तसंच ना?" ताई म्हणाल्या. "स्टोव्हची ज्योत पिवळी झाली की पातेलं काळं होतं. पिन मारली की निळी होते, मग बूड स्वच्छ."

याहून चांगले मला सांगता आले नसते. रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केलेल्या प्रत्येक बाईला हे ज्ञान आहे. हवा कमी आणि इंधन जास्त, की काजळी. प्लगवरची कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे तेच काळे बूड.

मी विचारले, "ताई, मागून धूर निघतो तो काळा की निळा?"

"काळा. शेजारीण बोंब मारते, वाळत घातलेले कपडे काळे होतात म्हणून."

तिथेच माझ्या मनात त्या पासष्ट हजारांबद्दल शंका आली. इंजिनाचे रिंग-पिस्टन झिजले की ऑइल वर चढून जळते आणि धूर निळसर येतो. हेड गॅसकेट फुटून पाणी आत गेले तर पांढरी वाफ येते. काळा धूर पेट्रोलचा. पण नुसत्या धुरावर निकाल देणारा मीही नव्हे, म्हणून मुलाला नीट पद्धत लिहून दिली. ज्यांच्याकडे जुनी कार्बुरेटरवाली गाडी आहे त्यांनी ती कापून ठेवावी.

सकाळी लवकर मोकळा, सरळ आणि किंचित चढाचा रस्ता बघायचा. इंजिन चांगले गरम झाले की टॉप गिअरमध्ये दोन-तीन किलोमीटर अॅक्सिलरेटर दाबून चालवायचे. मग त्याच दमात क्लच दाबायचा, इग्निशन बंद करायचे आणि गाडी घरंगळत कडेला घ्यायची. किल्ली फक्त फिरवायची, काढायची अजिबात नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. मागे-पुढे वाहन असताना हा प्रयोग करायचा नाही. इंजिन आयडलवर चालू ठेवून थांबवले तर प्लग हमखास काळे निघतात, कारण आयडलला कार्बुरेटर मुळातच दाट मिश्रण देतो. चांगल्या इंजिनाला आजारी ठरवण्याचा तो सोपा मार्ग आहे, आणि बरेच लोक नकळत तेच करतात. त्यानंतर इंजिन निवू द्यायचे, प्लगच्या मुळाशी साचलेली धूळ फुंकून काढायची म्हणजे ती सिलिंडरात पडणार नाही, आणि प्लग काढून क्रमाने ठेवायचे. रेडिएटरकडचा एक नंबर, मग दोन, तीन, चार.

पुढच्या रविवारी मुलगा आला तो अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन. चार खळग्यांत चार प्लग, प्रत्येकाखाली पेन्सिलने नंबर. मला त्या पोराचे कौतुक वाटले.

एक, दोन आणि चार नंबर कोरडे काळे. तीन नंबर काळा आणि ओला, हुंगला तर पेट्रोलचा वास. ऑइलचा ओलेपणा वेगळा असतो. तो चकचकीत, चिकट, आणि बोटांत चोळला तर बुळबुळीत लागतो, पेट्रोल मात्र उडून जाते. चारही सिलिंडर सारखेच काळे असतील तर दुखणे सर्वांच्या सामाईक जागी, म्हणजे कार्बुरेटर, चोक, एअर फिल्टर यांत शोधायचे. एकच वेगळा निघाला तर त्या एका सिलिंडराच्या वाटेवर. इथे दोन्ही होते. म्हणजे दोन वेगळी दुखणी एकाच वेळी, आणि म्हणूनच लक्षणे एवढी भयंकर दिसत होती.

आम्ही दुपारी गाडीपाशी गेलो. एअर फिल्टर उघडला तर तो मातीने बुजलेला, एका कोपऱ्यात उंदराने घर केलेले. चोकची केबल गंजून अर्ध्यावर अडकली होती. डॅशबोर्डवरची मूठ आत ढकलली तरी कार्बुरेटरवरची झडप निम्मी बंदच. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू होण्यासाठी हवा अडवायची सोय. तो पूर्ण उघडत नसेल तर गाडी दिवसभर पिवळ्या ज्योतीवर चालते.

तीन नंबरचा शोध थोडा लांबला. प्लग बदलून पाहिला, फरक नाही. वायर बदलून पाहिली, फरक नाही. मग डेल्कोची कॅप काढून उन्हात धरली. आतून तीन नंबरच्या टोकापासून निघालेली केसासारखी काळी रेघ दिसली. कॅपला बारीक तडा गेला की त्यात ओल आणि धूळ बसते, वीज त्या वाटेने पळते आणि प्लगपर्यंत पोहोचतच नाही. पुण्याच्या पावसाळ्यात जुन्या गाड्यांना हे फार होते. तिसऱ्या सिलिंडरात पेट्रोल येत होते, पण पेटवायला कोणी नव्हते. ते तसेच बाहेर फेकले जाई आणि थोडे रिंगांवरून खाली ऑइलमध्येही उतरे. डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा वास! अशा पातळ झालेल्या ऑइलवर आणखी महिनाभर गाडी चालली असती तर गॅरेजवाल्याचे अंदाजपत्रक खरोखर खरे झाले असते.

आता इथे मी स्वतःची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी सगळे जन्मतःच शिकून आलो असा कोणाचा समज होऊ नये.

१९९१ सालची गोष्ट. मी एका गॅरेजात होतो. पुणे-दादर फेऱ्या करणाऱ्या एका बंधूंची पद्मिनी टॅक्सी आली. (हे त्या मुलाचे वडील नव्हेत, पण त्याच स्टँडवरचे.) तेव्हा एक्स्प्रेस वे नव्हता, पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढायचा. घाटात इंजिन खडखड वाजते आणि तापते अशी तक्रार. प्लग काढले तर चारही पांढरेफटक, कांडीवर बारीक फोड, आणि दोन नंबरावर चांदीसारखे बारीक ठिपके. मला वाटले, प्लग फार गरम होतो आहे, जरा थंड नंबरचा प्लग घालावा.

थंड आणि गरम प्लग म्हणजे काय ते सांगून टाकतो. ज्याची आतली चिनी मातीची कांडी लांब, तो उष्णता हळू सोडतो, तो गरम प्लग. आखूड कांडीचा तो थंड. नंबराची मात्र गंमत आहे. मायको-बॉशमध्ये नंबर वाढला की प्लग गरम, आणि एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीत तसाच मागणारे गिऱ्हाईक मी आजही पाहतो.

तर मी थंड प्लग घातले. पुढच्या खेपेचे प्लग थोडे बरे दिसले, मी खूश. तिसऱ्या दिवशी निरोप आला, टॅक्सी खंडाळ्याच्या घाटात बंद पडली, दोन नंबरच्या पिस्टनला भोक. त्या बंधूंचे तीन आठवडे धंद्याविना गेले. घरात खाणारी सहा माणसे. खडकीच्या ५१२ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक उस्ताद तेव्हा आमच्याकडे यायचे. त्यांनी माझा तो जुना प्लग भिंगाखाली धरला आणि चांदीचे ठिपके दाखवून विचारले, "हे काय आहे?" मी गप्प. "पिस्टन आहे हा. अॅल्युमिनियमचा चुरा. पिस्टन तुला निरोप धाडत होता, आणि तू निरोप्यालाच बदललास."

दुखणे होते पेट्रोल पंपाच्या जाळीत. ती निम्मी बुजली होती. सपाटीवर इंजिनाला पेट्रोल पुरायचे, पण घाटात पूर्ण जोर लागला की कमी पडायचे. मिश्रण विरळ, ज्योत कडक, त्यात टायमिंगही थोडे पुढे होते. मी प्लग थंड घातला म्हणजे ताप उतरलेला दिसावा म्हणून थर्मामीटर बदलला. त्या बंधूंनी मला शिवी दिली नाही. तेच जास्त लागले. पुढे अनेक वर्षे मी त्यांच्या गाडीचे टॅपेट आणि टायमिंग पैसे न घेता करून द्यायचो, पण बुडालेले तीन आठवडे काही भरून आले नाहीत.

म्हणून सांगतो, काळा प्लग खर्चात टाकतो, पांढरा प्लग इंजिन घेऊन जातो. पांढऱ्या प्लगकडे जास्त लक्ष द्या. आणि एखादाच प्लग इतरांपेक्षा विचित्र स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा निघाला तर आनंद मानू नका, त्या सिलिंडरात बहुधा गॅसकेटमधून पाणी जाते आहे. रेडिएटरचे पाणी कमी होते का ते बघा.

निरोगी प्लगचा रंग कसा? जुन्या पुस्तकांत चहा-बिस्किटासारखा तपकिरी असे लिहिलेले असते आणि चित्रही तसेच असते. त्यावर आज आंधळेपणाने जाऊ नये. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे होते आणि त्या शिशाची राख प्लगला रंग द्यायची. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. तेव्हापासून चांगल्या इंजिनाचे प्लगही फिकट, राखाडी-बदामी निघतात. त्यांना पुस्तकातला तपकिरी रंग यावा म्हणून कार्बुरेटर दाट करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

त्यात आता इथेनॉल. उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून काढलेला हा स्पिरिटसारखा पदार्थ २०२२ पर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के होता, २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेला. नव्या गाड्यांचा संगणक स्वतः हिशेब करून जास्त पेट्रोल सोडतो. आपल्या सोलेक्स कार्बुरेटरला संगणक नाही, पितळेच्या जेटचे भोक आहे तेवढेच. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. म्हणजे तेच भोक, तीच हवा, पण इंधनाची ताकद कमी. मिश्रण आपोआप विरळ होते आणि प्लग पांढरेपणाकडे झुकतो. शिवाय इथेनॉल जुने रबर खाते, पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या फुगतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून जाळीत येतो. जाळी बुजली की काय होते ते वर सांगितलेच आहे. जुनी गाडी ठेवणाऱ्याने नळ्या बदलून घ्याव्यात, पेट्रोलची जाळी दर दोन महिन्यांनी पाहावी, आणि घाटात जाण्याआधी एकदा प्लग काढून बघावेत. जेट मोठा करण्याचे काम स्वतः करू नये, ते हाताला सवय असलेल्याकडूनच करून घ्यावे.

पद्मिनीकडे परत येतो. चोकची केबल आणि एअर फिल्टर नवे घातले. डेल्कोची कॅप नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाली. पॉइंट घासून गॅप केला, ऑइल बदलले, चार नवे प्लग फिलर गेजने ०.६ मिलिमीटरवर लावले. प्लग बसवताना पहिले तीन आटे हातानेच फिरवायचे, पाना नंतर. आटे तिरके गेले तर हेड उतरवावे लागते आणि मग खरोखरच मोठे बिल येते. वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमाने. तारेच्या ब्रशने प्लग घासायची सवयही सोडावी, तारेचा धातू कांडीवर बसतो आणि वीज त्यावरून पळते. एकूण खर्च ऑइलसकट अडीच हजारांच्या आत राहिला. मजुरी म्हणून ताईंनी सुकट-बोंबलाचे कालवण आणि भाकरी खाऊ घातली, ती वेगळी.

तरीही माझे समाधान होईना, म्हणून कॉम्प्रेशन गेज आणून चारही सिलिंडर मोजले. हे केल्याशिवाय इंजिन बांधायचे की नाही याचा निर्णय कोणीच घेऊ नये. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे आले, दोन नंबर साधारण दहा टक्के कमी. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तर आकडा थोडा वर आला. ऑइल घातल्यावर वाढला म्हणजे रिंग झिजली आहे. न वाढता तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटवर संशय गेला असता. दोनशे किलोमीटरनंतर मुलगा पुन्हा अंड्याचा ट्रे घेऊन आला. तीन प्लग फिकट बदामी. दोन नंबराच्या आट्यांवर एका बाजूला ऑइलची ओल. म्हणजे गॅरेजवाला अगदीच खोटा नव्हता. हे इंजिन कधीतरी उघडावे लागणार आहे. पण दहा टक्के कमी म्हणजे आज, बचत गटाचे कर्ज काढून, उघडण्याएवढे नाही. दर हजार किलोमीटरला किती ऑइल कमी होते ते वहीत लिही आणि सहा महिन्यांनी दोन नंबरचा प्लग पुन्हा दाखव, असे मी त्याला सांगितले आहे.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पुन्हा नोंदणी करावी लागते, पीयूसी घ्यावी लागते. या मुलाची नोंदणी पुढच्या वर्षी येते आहे. काळ्या धुराने ती गाडी पीयूसीलाच नापास झाली असती. आता पास झाली आहे.

भंगारवाला परवा पुन्हा येऊन गेला. ताईंनी त्याला जुना एअर फिल्टर आणि चोकची केबल दिली. काळे झालेले चार प्लग मात्र मुलाने दिले नाहीत, नंबर टाकलेल्या त्याच ट्रेमध्ये ठेवले आहेत.

पुढच्या अंकी, राहिलेला विषय : पाण्याच्या मोटारीचा कपॅसिटर. आणि येरवड्याच्या ज्या वाचक भगिनींनी शिलाई मशीनच्या मोटारीबद्दल विचारले आहे, त्यांनी मोटार चालू असताना ठिणग्या कुठल्या बाजूला दिसतात आणि त्यांचा रंग कसा आहे, ते कळवावे.